रेंजलाही तीच, रोह्यालाही तीच?

सोनाळ्यात सोनाजी महाराजांच्या यात्रेत फुगे फोडायचा स्टॉल लागतो. फळीवर ओळीने फुगे, समोर बाकड्यावर दोन-तीन जुन्या एअरगन आणि डबीत छर्रे. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या यात्रेत ती बंदूक खांद्याला लावली असेल आणि दहातले तीन फुगे फुटल्यावर 'नळीच वाकडी आहे याची' म्हणत परत ठेवली असेल. खोटं नाही, नळी बहुतेक वेळा वाकडीच असते, नाहीतर पुढची माशी हललेली असते. माझ्या चुलत भावाने मागे एका यात्रेत वेगळंच केलं. पहिले तीन छर्रे एकाच फुग्यावर मारले. तिन्ही चुकले, तिन्ही डावीकडे साधारण एकाच जागी लागले. मग त्याने प्रत्येक फुग्याच्या उजवीकडे चार बोटं सोडून नेम धरला आणि उरलेल्या सातपैकी सहा फोडले. स्टॉलवाल्याने पुढच्या डावाला त्याला बंदूक द्यायला जरा कुरकुर केली, एवढं मला आठवतंय.

'नेम हाय पोराचा,' असं तेव्हापासून घरात ठरलं. त्यात 1 ऑगस्ट 2024 उजाडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. भावाने ती फायनल मोबाइलवर पाहिली आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात रायफल बसली आहे.

मोठे बाबांच्या डोक्यात मात्र रोही बसलेत. सातपुड्याच्या पायथ्याशी शेत असलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. हरभरा घाट्यावर आला की रात्री रोह्यांचा कळप येतो, मका लावला की रानडुकरं येतात, आणि घरातल्या एकाने तरी जागलीला जायचंच. कपाशीचे पैसे आले तेव्हा बापलेकांचं एकमत झालं. घ्यायचीच तर अशी घेऊ, की दोन्ही कामं होतील. मी मास कम्युनिकेशन शिकते आणि सध्या पेपरमध्ये इंटर्न आहे, म्हणून घरच्यांना वाटतं मला सगळं माहीत असतं. मोठे बाबांनी फोन केला, 'तू पेपरात हायस तं पाहून सांग. अशी कोनती बंदूक हाय जे रेंजवरबी चालीन अन् रोह्यालेबी?'

पाठोपाठ भावाने चार रील पाठवल्या. चारही परदेशातल्या, चारही एकाच विषयावर: लांबच्या टार्गेटसाठी आणि शिकारीसाठी मिळून एकच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची तर कोणती घ्यावी. तुमच्याही फोनवर त्या येत असतील. एक पाहिली की मागोमाग दहा येतात.

परदेशात हा प्रश्न बरोबरच आहे

आधी बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे काय ते पाहू. दाराची कडी आठवा. रायफलीच्या नळीच्या मागे तशीच एक पोलादी दांडी असते. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवीन आत जातं, खाली दाबली की कुलूप लागतं. दरवेळी हाताने करायचं, त्यामुळे वेग कमी. पण कुलूप घट्ट बसतं, हलणारे भाग थोडे असतात, आणि प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच सुटते. नेमबाजाला हेच हवं असतं. जर्मनीच्या माउझर कंपनीने 1898 मध्ये जी रचना पक्की केली, तिचीच नातवंडं-पतवंडं आजही बाजारात आहेत. जिम कॉर्बेटची गाजलेली .275 रिग्बीसुद्धा माउझर बोल्टचीच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 मध्ये ती त्यांना भेट मिळाली होती.

अमेरिकेत किंवा फिनलंडमध्ये राहणारा माणूस शनिवारी रेंजवर जातो आणि हंगामात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. त्याला दोन रायफली परवडत नाहीत किंवा ठेवायच्या नसतात. मग तो मधला मार्ग काढतो: थोडी जाड नळी, चार-साडेचार किलो वजन, गालाखालचा भाग वर-खाली करता येईल असा दस्ता आणि वर दुर्बीण. गोळी 1952 पासूनची .308 विंचेस्टर, नाहीतर 2007 मध्ये आलेली 6.5 क्रीडमूर, जी लांबवर वाऱ्याने कमी ढळते. टिक्का, रेमिंग्टन 700, बर्गारा ही नावं त्या रीलमध्ये सारखी ऐकू येतात. तिथल्या जंगलाला, तिथल्या कायद्याला आणि तिथल्या रेंजला ते उत्तर जुळतं.

त्या रीलमध्ये एक गोष्ट मात्र बरोबर सांगितलेली असते, ती आपल्यालाही लागू आहे. एकाच गोळीचा नेम कितीही चांगला असला तरी त्यावरून रायफल पारखू नका. पाच गोळ्या मारा आणि पाचही किती जवळ पडतात ते पाहा. जवळजवळ पडल्या, पण भलत्याच जागी पडल्या, तरी साइट फिरवून त्या मधोमध आणता येतात. विखुरल्या तर काहीच करता येत नाही. यात्रेतल्या स्टॉलवर भावाने हेच केलं होतं. बंदूक वाकडी होती, पण दरवेळी सारखीच वाकडी होती.

रोह्याचं काय?

आता आपल्या गावाकडे येऊ. संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य आहे. 127 चौरस किलोमीटरचं हे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. सोनाळ्याहून जंगल सफारीला जाणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. वाघ बघायला पुण्या-मुंबईची माणसं आपल्या दारातून जातात याचं आपल्याला कौतुक असतं. पण याच जंगलामुळे तुमच्या-माझ्या घरात बंदूक येण्याचे नियम चिखलीच्या माणसापेक्षा वेगळे झालेत, हे मला तरी हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 34 वाचा. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने आपल्या शस्त्राची वन खात्याकडे नोंद करायची असते. आणि त्या दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज दिला, पोलिसांची चौकशी झाली, की काम झालं असं सोनाळ्यात होत नाही. मधे वन खातं येतं, आणि तिथं पहिला प्रश्न विचारला जाणार, 'कशासाठी पाहिजे?' यावर 'रेंजसाठीही आणि रोह्यासाठीही' हे उत्तर घेऊन गेलात तर काय होईल, ते सांगायला पत्रकारितेची पदवी लागत नाही.

आपल्या देशात शिकार हा छंद म्हणून कायद्याने बंद आहे. परदेशी रीलमधलं अर्धं वाक्य तिथंच गळून पडतं. मग मोठे बाबा म्हणतात तसं पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराचं काय? कलम 11 मध्ये सोय आहे. उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेलं जनावर मारायची लेखी परवानगी वन खात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो, कारणं नोंदवून. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरांसाठी अशी परवानगी देण्याची पद्धत आहे. पण ती त्या शेतापुरती आणि त्या कामापुरती असते. मेलेलं जनावर सरकारजमा होतं, घरी न्यायचं नसतं. परवानगीशिवाय गोळी झाडली तर तो सरळ शिकारीचा गुन्हा. अभयारण्याच्या हद्दीत किंवा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंग. आणि ज्यांना खेळाडू व्हायचंय त्यांनी कलम 51 चं चौथं पोटकलम तर वहीत लिहून ठेवावं. शिकारीचा गुन्हा सिद्ध झाला तर कोर्ट त्या शस्त्राचा परवाना रद्द करायला सांगू शकतं, आणि मग पुढची पाच वर्षं नवीन परवाना मिळत नाही. नेमबाजाच्या आयुष्यातली एकोणीस ते चोवीस ही पाच वर्षं म्हणजे काय, याचा हिशोब तुम्हीच करा.

मोठे बाबांना मी हे फोनवर वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'म्हंजे रोह्यानं खाल्लं तं चालते, आमी मारलं तं नाही.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पीक खाल्लेल्या शेतकऱ्याला कायद्याचं कलम वाचून दाखवणं सोपं असतं, विशेषतः शहरात हॉस्टेलच्या खोलीत बसून. नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामा, त्यासाठीच्या चकरा, हे सगळं त्यांनी केलेलं आहे. त्यांचा राग खरा आहे आणि रायफल हे त्यावरचं उत्तर नाही, ही दोन्ही वाक्यं मला एकदम खरी वाटतात.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. .30-06 सारख्या शिकारी रायफलीची गोळी हवेत तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. साधी .22 ची गोळीसुद्धा दीड-दोन किलोमीटरपर्यंत धोक्याची असते. आपला पूर्णेकडचा भाग ताटासारखा सपाट. गोळी अडवायला मागे टेकडी नाही. रात्रीच्या अंधारात तुम्ही रोह्यावर नेम धरलाय, गोळी चुकली, आणि पुढच्या धुऱ्यापलीकडे दुसऱ्या कुणाचा तरी बाप जागलीला बसलाय. रेंजवर टार्गेटच्या मागे मातीचा बांध का असतो, ते इथं कळतं.

मग इथल्या बाजारात काय मिळतं?

भावाचा पुढचा प्रश्न होता, की लोकांकडे परवान्याच्या रायफली असतात त्या कुठल्या. बहुतेक वेळा .315 स्पोर्टिंग रायफल. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी, ली-एनफील्डच्या घराण्यातली बोल्ट-अ‍ॅक्शन. .315 हा विचित्र आकडा का, यामागे गोष्ट आहे. इंग्रजांना सैन्याची .303 गोळी नागरिकांच्या हातात जाऊ द्यायची नव्हती, म्हणून सैन्याच्या रायफलीत बसणार नाही असं वेगळं काडतूस चालवलं गेलं. इंग्रज गेले, भीती तशीच राहिली. आजही .303 आणि 7.62 ही सैन्याची बोअर प्रतिबंधित मानली जातात. त्यामुळे रीलमधली .308, जी 7.62 ची सख्खी बहीण आहे, ती घ्यायचा विचार सामान्य परवानाधारकाने सोडून द्यावा.

.315 मजबूत आहे, पण ती मॅचची रायफल नाही. ऑलिम्पिकमध्ये तिची स्पर्धाच नाही. ती घेऊन तुम्ही कुठल्याही रेंजवर स्वप्निलच्या रांगेत उभे राहू शकत नाही.

गंमत म्हणजे हा गुंता 1959 च्या शस्त्र कायद्याने तेव्हाच सोडवून ठेवलाय. परवाना कुणाला द्यायचा ते सांगणारं कलम 13 पाहा. त्यात पीकरक्षणासाठी जी बंदूक लिहिली आहे ती ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची. आणि टार्गेटच्या सरावासाठी जी लिहिली आहे ती .22 रायफल किंवा एअर रायफल, तीही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला. शेत वेगळं, रेंज वेगळी. दोन ओळी, दोन बंदुका. 'दोन्ही कामांची एक' ही सोय कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातही नव्हती.

खेळाची रायफल शिकारीला का चालत नाही

समजा कायदा नसता, तरी एकच रायफल दोन्हीकडे नीट चालली नसती. स्वप्निलने जी स्पर्धा खेळली तिचंच पाहू. 50 मीटरवर टार्गेट, त्यातलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभ्याने, प्रत्येकी 20 अशा पात्रता फेरीत 60 गोळ्या. त्याने 600 पैकी 590 गुण घेतले आणि सातव्या क्रमांकाने फायनल गाठली. फायनलमध्ये गुडघ्याची आणि पालथी फेरी झाल्यावरही तो पदकाच्या जागेवर नव्हता. वर आला तो उभ्याने मारलेल्या गोळ्यांवर, जिथं सगळ्यांचे हात थरथरतात. शेवटी 451.4 गुण आणि कांस्य.

त्या स्पर्धेत रायफलीचं वजन 8 किलोपर्यंत चालतं. जड रायफल हातात कमी हलते, म्हणून नेमबाजांना ती जड हवी असते. आता हे 8 किलोचं धूड खांद्यावर टाकून अंबाबरव्याच्या एका नाल्यातून दुसऱ्या नाल्यात चढ-उतार करून बघा. शिकारी रायफल याच्या निम्म्या वजनाची असते. मॅच रायफलीचा ट्रिगर शंभरेक ग्रॅमच्या दाबाने सुटतो, बोट टेकलं की गोळी गेली. असा ट्रिगर घेऊन काट्याकुट्यातून चालणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. शिकारी रायफलीचा ट्रिगर त्यामुळे किलोभर तरी दाब मागतो. शिकाऱ्याला दुर्बीण लागते. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. डोळ्यासमोर बारीक छिद्राची डायऑप्टर साइट असते, तिच्यातून पुढच्या साइटची कडी दिसते आणि त्या कडीत टार्गेटचा काळा गोळा बसवायचा असतो.

आणि गोळी. 50 मीटरची .22 मॅच गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा जरा हळू ठेवलेली असते, सेकंदाला 330 मीटरच्या आसपास. आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते, ते टाळायला. अशी गोळी रोह्यासारख्या अडीचशे किलोच्या जनावरावर मारणं म्हणजे त्याला जखमी करून आठ दिवस तडफडायला सोडणं.

मोठ्या बोअरचे 300 मीटरचे प्रकारही आहेत, पण तिथं पोचायचा रस्ता .22 वरून आणि त्याआधी एअर रायफलवरून जातो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत 10 मीटर एअर रायफलमध्ये. दोघांच्याही हातात शिकारीची बंदूक नव्हती.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

भावाला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. 4.5 मिलिमीटरची, म्हणजे .177 ची एअर रायफल, जिची ताकद 20 ज्यूलच्या आत आहे, तिला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. 10 मीटरच्या स्पर्धेची रायफल याच गटातली. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टोकाने टेकवल्यासारखा, त्यामुळे 'ही तर छर्ऱ्याची बंदूक' असं म्हणून तिला हिणवू नका. अभिनव बिंद्राचं 2008 चं सुवर्ण याच प्रकारातलं आहे.

परवाना लागत नाही याचा अर्थ पाखरांवर चालते असा मात्र नाही. होला, तितर, मोर मारला की तीही शिकारच. ईशान्येत अरुणाचल प्रदेशात एअरगनने पाखरं इतकी मारली जायची की 2021 मध्ये सरकारने एअरगन परत करायची मोहीमच काढली आणि लोकांनी हजारोंनी त्या जमा केल्या.

वाल्थर, फाइनवर्कबाउ, अनशुट्झ अशा कंपन्यांची मॅच एअर रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. कपाशीचे पैसे त्यात लगेच घालू नका. आधी क्लबच्या रायफलीवर सहा महिने मारा. हात लांब की आखूड, मान किती झुकते, उजव्या हाताचे असून तुमचा डावा डोळा तर जोरात नाही ना, हे कळल्याशिवाय दस्ता कुठला घ्यायचा ते ठरत नाही. डोळ्याची परीक्षा घरीच होते. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट करा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट खांबावरच राहतं तो तुमचा जोरातला डोळा. मला स्वतःला हे बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. माझा डावा निघाला.

घेताना नावाच्या आधी दस्ता पाहा, गालाची पट्टी वर-खाली होते का, खांद्याकडची लांबी कमी-जास्त होते का. दुरुस्ती कुठं होते ते विचारा. जर्मन रायफल बिघडली आणि सुटा भाग यायला तीन महिने लागले तर तो हंगाम गेला. आणि रायफलीच्या किमतीइतकाच विचार छर्ऱ्यांच्या, पुढे गोळ्यांच्या खर्चाचा करा, कारण रायफल एकदा घ्यायची असते आणि गोळ्या रोज लागतात. स्वप्निलच्या गोळ्यांसाठी त्याच्या शिक्षक वडिलांनी कर्ज काढल्याचं पदकानंतर बातम्यांत आलं होतं. 2009 मध्ये त्यांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं होतं, तिथून पॅरिसपर्यंत पंधरा वर्षं लागली. मधे त्याने मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी धरली. त्याला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे स्वतः 2004 ची अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या. प्रशिक्षक, नोकरी, सरकारी सोय, बापाचं कर्ज, हे सगळं त्या एका रायफलीच्या मागे उभं होतं. रीलमध्ये फक्त रायफल दिसते.

.22 वर जायचं तर क्लबचं सदस्यत्व लागतं. शस्त्र परवान्याला वय 21 पूर्ण हवं, पण क्लबमध्ये देखरेखीखाली टार्गेटचा सराव बाराव्या वर्षापासून करता येतो. 2019 च्या दुरुस्तीने सामान्य माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, राष्ट्रीय पातळीवर गुण मिळवलेल्या नेमबाजांना मात्र सवलत आहे. म्हणजे आधी गुण, मग रायफल. ज्यांच्या कॉलेजात एनसीसी आहे त्यांना याहून स्वस्त दार उघडं आहे, कारण कॅडेटला .22 वर फायरिंग करायला मिळतं आणि खर्च नसतो. ज्या मावळणकर स्पर्धेतून देशभरातले नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातात, तिचं नाव लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांच्यावरून पडलंय. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करणारे तेच. रायफलीच्या खेळाची देशातली पहिली खुर्ची एका मराठी वकिलाने सांभाळली, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठंच नव्हतं.

अडचण मोठी आहे, ती लपवत नाही. सोनाळ्यात रेंज नाही. चांगल्या सोयी पुण्याच्या बालेवाडीत किंवा मुंबईच्या वरळीत, आणि तिथं राहायचा खर्च रायफलीपेक्षा जड. पण 10 मीटरला जागा किती लागते ते मोजून पाहा. एखादा शाळेचा हॉल किंवा रिकामी वखार पुरते. मागे छर्रा अडवणारी पक्की भिंत, टार्गेटवर चांगला उजेड, आणि मारणाऱ्याच्या पुढे कुणी जाणार नाही अशी शिस्त. बाकी पट्टी, खडू, दोरी.

सातपुडा ओलांडून येणाऱ्या देशी कट्ट्यांच्या कारवाया आपल्या भागातल्या पानावर छापून येतात. त्यात पकडलेल्यांची वयं वाचा, पुष्कळदा तुमच्या-माझ्या वयाची असतात. त्यांच्यातही कुणाचा नेम चांगला असेल.

भावाने धान्याच्या वखारीत पोती सरकवून 10 मीटर मोजून घेतलेत. रायफल अजून आलेली नाही. एनसीसीचा फॉर्म भरलाय. रोज संध्याकाळी तो अभ्यासाची दोन जाड पुस्तकं फडक्यात बांधून दोन्ही हातांनी रायफलीसारखी धरतो आणि भिंतीवरच्या पेनाच्या ठिपक्याकडे बघत उभा राहतो, एका वेळी एक मिनिट. मोठ्याईला वाटतं पोराला काहीतरी झालंय. मोठे बाबांनी शेताला सौर कुंपण करायचं ठरवलंय, जन-वन योजनेत आपलं गाव बसतं का ते विचारायला ते या आठवड्यात वन खात्याच्या सोनाळा कार्यालयात जाऊन आले. साहेब दौऱ्यावर होते, सोमवारी बोलावलंय. तोवर रात्रीची जागल सुरूच आहे, आणि परवापासून तीही भावाकडे आली आहे. 'ताई, अंधारात उभं राहून श्वास मोजता येतो,' असं त्याने काल मेसेजमध्ये लिहिलं, खाली रोह्याच्या पावलांचा फोटो.